‘काय तरी द्या बगू’ आणि खालची सही

“डोकं दुखूलंय ओ, काय तरी द्या बगू.”

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यानं बाहेर पडलं की लागणाऱ्या एका गावात माझं औषधाचं दुकान आहे. हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर येतं, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. गिऱ्हाईक काउंटरवर हात टेकतं, डोकं म्हणतं, कंबर म्हणतं, पोरीचा खोकला म्हणतं. मी मागं वळून फळीवरचा डबा काढतो. चिठ्ठी नसते. मी तीन प्रश्न विचारतो, गर्दी असली तर एकच. कायद्याच्या भाषेत मी औषध विकलं. पण खरं बघितलं तर मी ते ठरवलं. दुखणं कुठलं ते अंदाजानं ठरवलं, गोळी ठरवली, किती आणि किती दिवस तेही ठरवलं. डॉक्टर ज्याला प्रिस्क्रिप्शन म्हणतात, त्यातलं एकच काम तेवढं राहिलं: कागदावर लिहून खाली सही करणं.

पॅरासिटामॉलपुरतं हे चालून जातं. पण फळीवर अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिकही असतं, डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामकही असतं, आणि मागणारा तेही त्याच सुरात मागतो. त्यामुळं ‘फार्मासिस्टला औषध लिहून द्यायचा अधिकार द्यावा का’ या प्रश्नावर सभासंमेलनांत वाद घालणारी मंडळी बघितली की मला जरा हसू येतं. अधिकार कुणी दिलेला नाही, काम मात्र रोज चाललंय. प्रश्न एवढाच आहे की हे काम शिकून, लिहून, जबाबदारी घेऊन करायचं की आहे तसं तोंडी चालू द्यायचं. माझं मत पहिल्या बाजूचं आहे, पण त्याचा क्रम लावताना घाई केली तर नुकसान होईल, असंही मला वाटतं. आधी शिक्षण आणि वही, अधिकार त्याच्या मागून, आणि तोही सगळ्यांना नव्हे.

ब्रिटननं हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच अंगावर घेतला. २००३ मध्ये तिथल्या फार्मासिस्टांना डॉक्टरांनी आखलेल्या योजनेत राहून औषध लिहायची मुभा मिळाली, २००६ मध्ये स्वतंत्रपणे लिहायची. त्यासाठी विद्यापीठाचा कोर्स करावा लागतो, आणि तो नोकरी सोडून करायचा नसतो. किमान २६ दिवसांचा अभ्यास आणि किमान ९० तास औषध लिहून देणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाच्या नजरेखाली, समोर खरा पेशंट घेऊन. पुष्कळ जण त्याच्या आधी किंवा बरोबरीनं फार्मसी प्रॅक्टिसची पदव्युत्तर पदविका करतात, दोन-तीन वर्षं, अर्धवेळ. आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, हौस आणि ताकद असेल तर एमएस्सी. मध्येच घरची अडचण आली तरी हाती काहीतरी राहतं. जानेवारी २०२४ अखेरपासून इंग्लंडातल्या औषध दुकानांत घसादुखी, कानदुखी, सायनस, नागीण, बायकांची लघवीची साधी जळजळ अशा सात तक्रारींसाठी फार्मासिस्ट ठरलेल्या नियमांनुसार स्वतः औषध देऊ लागला. त्या सल्ल्याचे पैसे सरकार देतं, सुरुवातीला दर सल्ल्याला १५ पौंड होते. यातली मोलाची गोष्ट अशी की गोळी न देता नुसतं समजावून परत पाठवलं तरी ते पैसे मिळतात. माझ्या दुकानात न दिलेल्या गोळीचे पैसे कोण देतो?

हे सगळं जसंच्या तसं उचलून आणा, असं मी म्हणत नाही. तिथं पेशंटची नोंद एका ठिकाणी असते, डॉक्टर कोण ते ठरलेलं असतं. आमच्याकडं एकाच म्हातारीच्या पिशवीत एक चिठ्ठी बेळगावची, एक मिरजेची, एक चोर्ला घाट उतरून गोव्यातून आणलेली, आणि तिन्हींवर वेगवेगळ्या नावांनी तीच एक गोळी. तिला तीन गोळ्या तीन रंगांच्या दिसतात, म्हणून ती तिन्ही खाते. सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आमची माणसं दवाखान्याला जाताना राज्य बघत नाहीत, एस.टी. कुठली आधी येते ते बघतात.

इथं माझी एक चूक सांगायला हवी, कारण या लेखाचं मूळ तिच्यातच आहे.

कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडं नेमानं यायचे. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. वर गुडघे दुखायचे, म्हणून डायक्लोफेनॅक. बीपीची गोळी चिठ्ठीवर, गुडघ्याची माझ्या भरवशावर. दोन वर्षं मी ती देत होतो, आणि माझ्याकडं संपली की ते पुढच्या गावातून घेत होते. पाय सुजायला लागले तेव्हा मुलगा त्यांना मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं पिशवी उलटी केली आणि विचारलं, “हे तिन्ही मिळून किती वर्षं खाताय?” काकांनी परत येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळंच मला ते जास्त लागलं.

तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाचं काय होतं, ते मी नंतर वाचून समजून घेतलं. गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी वेदनाशामकामुळं आवळते. रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनमुळं सैल पडते. आणि लघवीच्या औषधामुळं अंगातलं पाणीच कमी झालेलं असतं. गाळणीवरचा दाब तिन्ही बाजूंनी ढासळतो. उन्हाळ्यात, जुलाब झाले असताना, म्हातारपणी तर जास्तच. तिन्ही औषधं सुटी सुटी मला पाठ होती. एकमेकांच्या शेजारी ठेवून बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

फार्मसी प्रॅक्टिस नावाचा विषय म्हणजे नेमकं हे शेजारी ठेवून बघणं. गोळी कशी बनते हे नव्हे, तर ती पोटात गेल्यावर या माणसात, या वयात, या इतर गोळ्यांसोबत काय करते. आणि औषध लिहिण्याच्या शिक्षणात सगळ्यांत अवघड धडा नवीन औषध सुरू करण्याचा नसतो, चालू असलेलं बंद करण्याचा असतो. काकांना कुणी एक गोळी वाढवून द्यायची गरज नव्हती. एक काढून घ्यायची होती.

आता आमच्या शिक्षणाचा हिशेब. दुकानात बसलेले बहुतेक जण डी. फार्म., म्हणजे फार्मसीतला डिप्लोमा केलेले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. माझे ५०० तास एका दुकानात खोकी फोडण्यात, एक्सपायरीचा माल वेगळा काढण्यात आणि होलसेलवाल्याशी स्कीमवरून घासाघीस ऐकण्यात गेले. शेवटी कागदावर शिक्का मिळाला. त्यानंतर २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी पेशंटशी बोलणं, समजावणं हे आमचं काम असल्याचं लिहून ठेवलं. चांगलं केलं. त्याच नियमांत नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत किमान दोन, एकेका दिवसाचे उजळणी वर्ग करावेत असं आहे. पाच वर्षांत दोन दिवस! त्यातल्या एका दिवशी मी एका सभागृहात चहा, बिस्किटं आणि एका कंपनीची पिशवी घेऊन घरी आलो. तिकडं २६ दिवस आणि ९० तास, इकडं दोन दिवस आणि पिशवी.

पुढं शिकायचं म्हटलं तर रस्ते आहेत, पण ते दुकानाच्या दारापर्यंत येत नाहीत. एम. फार्म. मध्ये फार्मसी प्रॅक्टिस हा विषय आहे. चार सेमिस्टर, प्रत्येक विषयाला किमान ८० टक्के हजेरी. फार्म. डी. ही फार्मसीतली डॉक्टर पदवी देशात २००८ पासून आहे. बी. फार्म. झालेल्याला ती तीन वर्षांत करता येते, पण पूर्णवेळ. बेळगावात तर यासाठी दूर जायचीही गरज नाही, के.एल.ई.चं फार्मसी कॉलेज इथं १९६८ पासून आहे. फार्म. डी. ची पोरं-पोरी इस्पितळात डॉक्टरांच्या मागून वॉर्डात फिरतात, पेशंटच्या फायली वाचतात, हे बघून मला खरोखर हेवा वाटतो. पण चाळिशीतला, कर्जाच्या हप्त्याचा, दोन पोरांचा बाप असलेला फार्मासिस्ट तीन वर्षं शटर ओढून तिथं कसा जाणार? डी. फार्म. वाल्यांसाठी २०१४ मध्ये खास नियम आले. नोंदणी असलेल्या आणि किमान चार वर्षं दुकानात किंवा इस्पितळात काम केलेल्या माणसाला दोन वर्षांत बी. फार्म. (प्रॅक्टिस). कल्पना उत्तम. माझ्या ओळखीच्या दुकानदारांत तो कोर्स केलेला एकही माणूस नाही.

आणि यात एक गाठ अशी आहे की तिच्याविषयी कुणी बोलतच नाही. औषधाचं दुकान उघडं असताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे, असा कायदा आहे. योग्यच आहे. पण म्हणजे मी वर्गात बसलो की माझं दुकान कायद्यानं बंद. शिकायला जाणाऱ्याला दंड, न जाणाऱ्याला काही नाही. काही जण यावर जो तोडगा काढतात तो सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट, काउंटरवर दुसराच पोरगा. भाड्यानं दिलेल्या सर्टिफिकेटांवर हा धंदा किती चालतो हे लपून राहिलेलं नाही. त्या पोराला तर तीन प्रश्नही विचारता येत नाहीत.

म्हणून अर्धवेळ कोर्स बेळगावातच हवा, बंगळूरला नव्हे. पाचशे किलोमीटर जाऊन शनिवार-रविवारचा वर्ग करा म्हणणं म्हणजे करू नका म्हणणंच आहे. निपाणी, चिक्कोडी, खानापूरचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचला पाहिजे. वाचायचं ते मोबाईलवर वाचू. पण पेशंटसमोरचे तास मोबाईलवर होत नाहीत.

डॉक्टर मंडळी इथं भुवई उंचावतील. उंचावू देत, त्यांच्या शंकेत तथ्य आहे. माझ्या दुकानापासून शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, पंधरा मिनिटांवर. त्या राज्यानं २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स केल्यावर अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची वाट करून दिली. २०२५ मध्ये त्यांची वेगळी नोंदवही उघडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि प्रकरण कोर्टातही गेलं. त्याआधी २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यातल्या ३२ व्या कलमावरूनही डॉक्टर संपावर गेले होते. आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्तींना ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ म्हणून मर्यादित परवाना देता येईल, प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारापुरती ठरावीक औषधं त्यांना लिहिता येतील, असं ते कलम. डॉक्टरांचा राग मला अर्धा पटतो. आधी परवाना आणि मग देखरेख, असा क्रम लावला की असंच होणार. उरलेला अर्धा पटत नाही, कारण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रात्री ताप चढलेल्या पोराला घेऊन आई कुठं जाते, याचं उत्तर संपाच्या फलकावर नसतं.

डॉक्टरांची सगळ्यांत भक्कम हरकत मात्र दुसरीच आहे, आणि ती मला आरशात रोज दिसते. मी जे ठरवतो तेच मी विकतो. दहा स्ट्रिपांवर एक फुकट मिळणारी गोळी आणि सरळ भावाची गोळी या दोन्ही फळीवर असताना माझा हात कुठं जातो? कुठलाही कोर्स हा हात धरून ठेवणार नाही. ब्रिटनमध्येसुद्धा लिहिणारा आणि देणारा शक्यतो वेगळा असावा, अशी नियामकाची अपेक्षा असते. म्हणून दुकानदार फार्मासिस्टला, म्हणजे मला, लिहिण्याचा अधिकार आज देऊ नये असं मी म्हणतो. माझेच जातभाई यावरून मला शिव्या घालतील.

सुरुवात सरकारी दवाखान्यांतल्या फार्मासिस्टांपासून करावी. ते विकत नाहीत, त्यांना नफा नाही, शेजारी डॉक्टर आहे किंवा फोनवर आहे. त्यांनाही नवं निदान करू देऊ नये. काम चालू औषधांचं: बीपी मोजायचं, ठरलेल्या पायरीवर अ‍ॅम्लोडिपिन पुढं चालू ठेवायचं की टेल्मिसार्टन जोडायला डॉक्टरकडं पाठवायचं, खोकला का आला, पाय का सुजले, कुठली गोळी थांबवायची, हे बघायचं. २०१७ पासून देशात बीपीसाठी अशा ठरीव पायऱ्यांचा कार्यक्रम चालू आहे, आणि नुसती पुढच्या महिन्याची गोळी घ्यायला आलेल्या पेशंटला नर्सताईच बघतात. डॉक्टरांवरचा भार त्यानं हलका होतो. तेच काम औषधांचं शिक्षण घेतलेल्या माणसानं केलं तर आभाळ कोसळणार नाही.

दुकानदारांसाठी पहिल्या टप्प्यात अधिकार नको, वही हवी. एच-१ यादीतल्या, म्हणजे कडक निर्बंध असलेल्या औषधांची वही आम्ही २०१४ पासून ठेवतोच: लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, संख्या, आणि ती तीन वर्षं जपून ठेवायची. तशीच एक वही ‘काय तरी द्या बगू’ साठी. कोण आलं, काय म्हणालं, आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, मी काय दिलं किंवा का नाही दिलं, डॉक्टरकडं पाठवलं का. खाली माझी सही. अर्धवेळ कोर्सची परीक्षा याच वहीवर घ्यावी. महिन्याला वीस पानं उघडायची आणि शिकवणाऱ्यानं विचारायचं, इथं असं का? दोन वर्षांच्या वह्या पास झाल्या तर पुढचं बोलू. मला खात्री आहे, सही करायची वेळ आली की निम्म्या अझिथ्रोमायसिनच्या स्ट्रिपा फळीवरच राहतील.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, पण तो शेवटचा नाही. पदव्युत्तर म्हटलं की पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. ते असू दे. पण काउंटरवर इंग्रजी बोलणारं कुणी येत नाही. गोळीच्या पाकिटातला कागद आमच्या गिऱ्हाइकाला पुडी बांधायलाच उपयोगी. मधुमेहाची मेटफॉर्मिन मध्येच सोडलेला माणूस मळमळ होते असं म्हणत नाही, ‘गरम पडतंय’ म्हणतो. हे ‘गरम’ म्हणजे कधी पोटाची जळजळ, कधी तोंड येणं, कधी निव्वळ शेजारणीचं मत. ते उलगडल्याशिवाय डोस बदलायचा तरी कशाच्या आधारावर? आषाढीला आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं उपास धरतात. सकाळी साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड गिळून दिवसभर दोन घास भगरीवर राहणाऱ्याची साखर दुपारी किती खाली जाते, हे पुस्तकात आहे. पण ‘उद्या एकादशी, मग ही गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना आजच विचारा’ हे वाक्य मराठीत, कन्नडमध्ये, रमजानच्या वेळी दखनी उर्दूत म्हणता आलं पाहिजे. कोर्समध्ये एक तोंडी परीक्षा काउंटरवरच घ्यावी. समोर मराठी बोलणारी आजी, बाजूला कन्नड बोलणारा तिचा नातू, आणि फार्मासिस्टला दोघांनाही पटवायचं. यात नापास होणाऱ्याला बाकी पेपरांत कितीही गुण असोत, पुढं जाऊ देऊ नये.

सीमाप्रश्नात मी पडत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं इथल्या ८६५ गावांना महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, आणि महिनाभर पेपर त्याच बातम्यांनी भरले. शस्त्रक्रियेचा खर्च कुणी द्यायचा यावर दोन राज्यं भांडली. गोळी उपाशी पोटी की जेवल्यावर, हे सांगणाऱ्याला शिकवायचं कुणी, यावर कधीच भांडली नाहीत. फार्मासिस्टची नोंदणी राज्यनिहाय असते. शिनोळीचा फार्मासिस्ट माझ्या दुकानात नोंदणी बदलल्याशिवाय बसू शकत नाही, मी त्याच्या. गिऱ्हाईक मात्र दोघांचं एकच.

कोर्स सुरू होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही चार गावांतल्या पाच दुकानांनी एक पाळी ठरवली आहे. महिन्यातल्या दोन रविवारी दुपारी दोन ते सहा एकच दुकान उघडं, तिथं नोंदणी असलेला माणूस बसलेला, बाकी चार बंद. उरलेले चौघं एकाच्या घरच्या माडीवर बसतात, आणि फार्म. डी. शिकणारी आमच्या गावची एक पोरगी आम्हाला औषधांच्या आपसातल्या भानगडी शिकवते. पहिल्या रविवारी तिनं फळ्यावर तीन नावं लिहिली: टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, डायक्लोफेनॅक. यातून काय होईल, असं तिनं विचारलं. बाकीचे तिघं एकमेकांकडं बघत राहिले. मी हात वर केला.